तिसरी रायफल

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी अथवा दुर्मिळ ग्रंथ जमविणाऱ्या माणसाला आपल्या संग्रहाचा हिशेब स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाला द्यावा लागत नाही. परंतु जुन्या रायफलींचा शौक ज्याला जडला, त्याच्या कपाटातील प्रत्येक वस्तू एकाच वेळी त्याची, त्याच्या घरच्यांची आणि सरकारची असते, कारण तिच्या अंगावरील क्रमांक परवान्यावर चढलेला असतो, त्या परवान्याची नोंद सरकारी दप्तरात असते, आणि तिच्यासह एका छताखाली नांदावयाचे तर घरातील माणसांची मनापासून संमती असावी लागते. माझ्याकडे अशा तीन रायफली होत्या. त्यांनी मला आयुष्यभर जे सुख दिले ते शिकारीचे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला त्याला आता अर्धे शतक उलटून गेले, आणि तो मिटला हे योग्यच झाले असे मी मानतो. हे सुख पोलाद आणि लाकूड यांच्या सहवासाचे आहे, आणि ज्या हातांनी ती घडविली त्या हातांच्या ओळखीचे आहे.

पहिली रायफल आजोबांची. ते दक्षिणेतील एका लहान संस्थानात कारभारी होते, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांनी लंडनच्या रिग्बी या पेढीकडून .२७५ बोअरची रायफल टपालाने मागविली. तिची यंत्रणा जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातील, १८९८ च्या रचनेची. नळीवरील निशाणपट्ट्या, दस्ता आणि अखेरचा साज लंडनचा. अशीच .२७५ रिग्बी जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांच्याकडून भेट मिळाली होती, त्यामुळे जाणकारांमध्ये या जातीला एक वेगळाच मान आहे. परंतु मला तिचे मोल वाटते ते दस्त्यामुळे. आजोबांनी पेढीला पाठविलेल्या पत्राची नक्कल घरात आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर, नेमाच्या रेषेपासून गालाखालच्या कडेचा उतार, आणि उजव्या खांद्याला सोयीचा पडावा म्हणून दस्त्याला बाजूला द्यावयाचा किंचित कल, ही तीनही मापे त्यात त्यांनी शिंप्याला द्यावीत तशी तपशीलवार लिहिली आहेत. आजोबांचे छायाचित्र घरात एकच, तेही पगडी घालून खुर्चीत बसलेले; ते किती उंच होते, त्यांचे हात किती लांब होते, हे त्यावरून कळत नाही. रायफल खांद्याला लावली की मात्र कळते. माझा चेहरा निशाणाच्या रेषेत येण्यापूर्वी मला मान थोडी पुढे काढावी लागते, कारण आजोबांचे हात माझ्याहून लांब होते. दस्ता अर्धा इंच कापून घ्यावा, म्हणजे तो मला बेताचा होईल, असा सल्ला मला एकदोघांनी दिला. तो मी कधीही मानला नाही. दुसऱ्याच्या मापाने घडलेली वस्तू आपल्या मापाची करून घेणे हा वापरणाऱ्याचा हक्क असेल, परंतु जपणाऱ्याचा नव्हे.

येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली आणण्यास मनाई केली, कारण बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्या मापाची काडतुसे पुरविली जातील अशी धास्ती त्याला होती. त्या एका हुकुमामुळे विलायतेतील कारागिरांना .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवीन मापे शोधून काढावी लागली, आणि जड शिकारी रायफलींच्या इतिहासातील काही सर्वोत्कृष्ट कामे त्यातून निपजली. स्वतंत्र भारतातही लष्करी वापराचे .३०३ हे माप सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल शेतकऱ्याच्या व परवानाधारकाच्या हाती दिली, आणि तिची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली. माझी दुसरी रायफल ही अशी ईशापूरची. ती वडिलांनी उसाच्या फडातील रानडुकरांच्या उपद्रवासाठी घेतली होती. तिच्यावर नक्षी नाही, दस्ता साध्या लाकडाचा आहे, आणि संग्राहकाच्या बाजारात तिला किंमत अशी काही नाही.

तिसरी मात्र सर्वस्वी माझी. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याची, मार्टिनी यंत्रणेची, .२२ ची निशाणबाजीची रायफल. चापाच्या मागची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा उतरतो, काडतूस सरकवावे, तरफ वर घ्यावी, की एखाद्या उत्तम घड्याळाच्या झाकणासारखा मऊ आवाज करून सारे बंद होते. एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची कारखान्याची मुद्रा तिच्या अंगावर आहे. तरुणपणी पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून मी ती एका परवानाधारक व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा तिच्या नळीवर तांबूस गंजाचे चट्टे पडलेले होते. तिला पुन्हा काळी करून घेण्याचे काम जेथे झाले, त्या कारखान्यात मी पावसाळ्याचे कित्येक दिवस बसून काढले.

हत्यारांची दुरुस्ती हा आपल्याकडे परवान्याचा धंदा आहे. मालकाने स्वतः कानस हाती घ्यावी अशी मुभा नाही, आणि असू नये. कोल्हापुरातील ज्या वृद्ध कारागिराकडे मी गेलो, त्यांच्या वडिलांनी संस्थानी शिलेखान्यात चाकरी केलेली होती. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या कामाचे मर्म असे, की नळी काळी करावयाची ती गंजवूनच करावयाची. प्रथम बारीक पॉलिश कागदाने नळी एकाच दिशेने घासून जुना गंज काढला. नंतर चुन्याच्या निवळीने ती धुतली, जेणेकरून तेलाचा अंशही राहू नये, आणि तेथून पुढे उघड्या हाताने तिला स्पर्श करण्याची मला सक्त मनाई झाली, कारण बोटाच्या घामाचा ठसा शेवटपर्यंत पुसला जात नाही. दोन्ही तोंडांना लाकडाच्या लांब खुंट्या ठोकल्या. त्यांनी आतील पेच सुरक्षित राहतात, आणि धरावयास मुठीही मिळतात. मग तेजाबाचे एक सौम्य द्रावण कापडाच्या बोळ्याने, जवळजवळ कोरड्या हाताने, एका लांब फटकाऱ्यात नळीवर फिरविले आणि ती ओलसर पेटीत ठेवून दिली.

काही तासांनी पेटी उघडली तेव्हा नळीवर तांबड्या रंगाची मखमली लव उगवलेली होती. चाचांनी ती निरखून पाहिली आणि लांबट पन्हळीतल्या उकळत्या पाण्यात नळी बुडविली. पाहता पाहता तांबडा रंग काळवंडला. रसायनशास्त्राच्या भाषेत लाल गंजाचे काळ्या लोहभस्मात रूपांतर झाले. पाणी कोणते घ्यावयाचे याविषयी त्यांचा कटाक्ष होता. "नळाचं पानी डाग सोडतंय सायेब, पावसाचं धरून ठेवलंय मी," असे म्हणून त्यांनी अंगणातील पागोळीखालच्या हंड्याकडे बोट दाखविले. बाहेर काढलेली नळी वाळली, की तारेच्या अत्यंत बारीक लोकरीने वरचा सुटा काजळीसारखा थर हलकेच उतरवावयाचा. खाली राखाडी छटा दिसते, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयाचे. दुसऱ्या खेपेस राखाडीचा करडा होतो, पुढे करड्याचा निळसर काळा होतो, आणि सातआठ खेपांनंतर असा एक शांत, खोल काळा रंग येतो की दिव्याचा उजेड त्यावर चमकत नाही, आत झिरपतो. जो ओलावा एरव्ही आमचा वैरी, तोच येथे कारागिराचा मदतनीस होता. म्हणून चाचा हे काम मुद्दाम आषाढ-श्रावणात काढीत. शेवटी नळी जवसाच्या तेलात भिजवून त्यांनी ती टांगून ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

रिग्बीही अशी नवी करून घ्यावी काय, असे मी त्यांना विचारले. त्यांनी ती हातात घेतली, जेथे आजोबांची बोटे सतत पडून काळा रंग झिजून पोलादाचा पांढरा रंग उघडा पडला आहे त्या जागेवर अंगठा फिरविला, आणि "हिला राहू द्या" एवढेच म्हणाले. मला हा निर्णय आजही पूर्णपणे पटतो. गंजाने खाल्लेल्या वस्तूला नवे रूप देणे हा उपचार आहे, आणि हातांनी झिजलेल्या वस्तूला नवे रूप देणे हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे.

या साऱ्याचा भार घराने कसा सोसला, हेही सांगितले पाहिजे. लग्नानंतर माझ्या पत्नीने तीन अटी घातल्या आणि मी त्या पाळल्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर हत्यार लटकवावयाचे नाही; काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि त्याची किल्ली तिच्याकडे; मुलगी जाणती होईपर्यंत बोल्ट असलेल्या दोन्ही रायफलींचे बोल्ट काढून आईच्या ट्रंकेत. भिंतीला बोल्टांनी जखडलेले पोलादी कपाट घ्यावे लागले, तेव्हा त्याच्यासाठी निजावयाच्या खोलीतली एकच कोरडी भिंत मिळण्यासारखी होती, आणि तेथे तिचे शिवणाचे यंत्र होते. यंत्र खिडकीशी गेले, जेथे पावसाळ्यात झड येते. त्याच्या बदल्यात चौथ्या रायफलीचा विचार मी कायमचा सोडला, आणि जो पैसा तिच्यासाठी बाजूला पडत होता तो मुलीच्या शिक्षणात गेला. तेल लावण्याचे काम जेवणाच्या टेबलावर करावयाचे नाही, हे तर न सांगताच ठरले. परंतु गजाला गुंडाळावयाच्या चिंध्या ती स्वतः जुन्या धोतरांतून चौकोनी कापून देई, आणि रायफल कपाटात नळी खाली करून ठेवावी, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही व लाकूड कुजत नाही, हे एकदा समजल्यावर माझ्या हातून चुकून उलटे ठेवले गेले तर तीच सरळ करी. रिग्बीच्या दस्त्याच्या पुढच्या टोकाला म्हशीच्या शिंगाचा तुकडा आहे. त्याला कीड लागली आहे हे प्रथम तिच्याच नजरेस आले, आणि कपाटात कडुनिंबाची पाने तेव्हापासून येऊ लागली. निवडणुका आल्या, की कधीकधी हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघतो. अशा वेळी रायफली तेलकट कापडात गुंडाळणे, ठाण्यावर नेणे, पोच घेणे आणि मुदत संपताच परत आणणे या साऱ्या सोपस्कारांत ती माझ्याबरोबर असे.

मग डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. १९८३ पासून एका व्यक्तीला तीन हत्यारे बाळगण्याची इजाजत होती, ती दोनांवर आली. सरकारच्या मूळ मसुद्यात तर एकच होते, संसदेत त्याचे दोन झाले. वारशाने आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा, आणि जास्तीचे हत्यार वर्षाच्या आत ठाण्यात अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करण्याचे बंधन. माझ्या मनात हिशेब स्वच्छ होता: रिग्बी आणि बी.एस.ए. ठेवावयाच्या, ईशापूरची द्यावयाची. कारण त्या दोन्ही कारागिरीचे नमुने आहेत आणि ईशापूरची एक साधे औजार आहे.

पत्नीने तो हिशेब मोडला. ती म्हणाली, "रिग्बी आजेसासऱ्यांची, ईशापूरची मामंजींची. त्यांतली एखादी द्यायची म्हटली, तर भावाबहिणींना विचारल्याशिवाय तुम्हाला देता येणार नाही, आणि विचारलंत तर कोणी हो म्हणणार नाही. तिसरी तुम्ही स्वतः कमावलेली. ती द्यायला तुम्हाला कोणाची परवानगी नको." मी दोन दिवस बोललो नाही. मग लक्षात आले, की कारागिरीच्या तराजूत मी जे तोलत होतो ते ती मालकीच्या तराजूत तोलत होती, आणि तिचा तराजू अधिक न्याय्य होता. ज्या रायफलीवर चाचांचा सर्वांत देखणा हात फिरला होता, तीच व्यापाऱ्यामार्फत निशाणबाजी करणाऱ्या एका तरुण मुलीच्या परवान्यावर चढली. ती रायफल आता दर आठवड्याला रेंजवर जाते; माझ्याकडे ती वर्षातून दोनदा जात असे.

या निमित्ताने वाचकांना एक विनंती करावयाची आहे. पुष्कळ घरांतून आजोबा-पणजोबांच्या रायफली वारसांच्या दृष्टीने निव्वळ अडचण होऊन बसल्या आहेत, आणि परवान्याचे नूतनीकरण टळावे म्हणून त्या न पाहताच जमा केल्या जातात. जमा करणे हा आपला अधिकार आहे; कायद्याने ते भाग असेल तर ते कर्तव्यही आहे. परंतु तत्पूर्वी नळीखालील क्रमांक आणि लंडन अथवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाच्या मुद्रा एका कागदावर उतरवून घ्या. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्‌स यांसारख्या पेढ्यांच्या जुन्या खातेवह्या आजही जपलेल्या आहेत. क्रमांक कळविल्यास ती रायफल कधी आणि कोणासाठी घडली, याची नोंद त्यांतून मिळू शकते. बिले, मोजमापांची पत्रे, जुने परवाने हे कागद रायफलीबरोबर रद्दीत घालू नका. हत्यार घरातून गेले तरी हे कागद ठेवण्यास कोणाचाही परवाना लागत नाही.