स्तनाचा कर्करोग : हार्मोन्स, प्रथिने आणि एका अहवालाचे महत्त्व

कारण असेल तर कार्य घडते आणि कारण नाहीसे केले की कार्यही थांबते, ही तथागत भगवान बुद्धांची शिकवण आपणा सर्वांस परिचित आहे. आधुनिक वैद्यकशास्त्रही याच वाटेने चालते. आजार म्हणजे मागील जन्मीचे पाप नव्हे, कोणाचा कोप नव्हे किंवा कोणाची दृष्टही नव्हे. त्याला शरीरातच कारण असते आणि ते शोधून काढता येते. स्तनाचा कर्करोग हे याचे उत्तम उदाहरण होय.

भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. सन २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यात दगावल्या. यातील कित्येक मृत्यू टाळता येण्यासारखे होते. म्हणून आपल्या समाजातील भगिनींनी, आणि त्यांच्याइतकेच बांधवांनीही, या रोगामागचे विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे.

हार्मोनचा संबंध कसा कळला?

सन १८९६ मध्ये जॉर्ज बीटसन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. स्तनाचा कर्करोग वाढलेल्या स्त्रीची बीजांडे (अंडाशय) काढून टाकली असता तिची गाठ ओसरली. हार्मोन हा शब्दही तेव्हा रूढ झाला नव्हता. पुढे कळले की बीजांडातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, रक्तात मिसळते आणि काही गाठींना ते खतपाणी घालते.

या अभ्यासात महाराष्ट्राच्या एका कन्येचाही वाटा आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. सन १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात आयुष्यभर काम केले. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा असलेला संबंध अभ्यासला. सन १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. प्रयोगशाळेबाहेर पडून त्यांनी शेजारच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. शिकणाऱ्या आपल्या मुलींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

कुलूप आणि किल्ली

आता मुख्य प्रश्न असा की, रक्तातील इस्ट्रोजेन सर्व शरीरभर फिरते, मग ते काही पेशींवरच का परिणाम करते? याचे उत्तर प्रथिनांत आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा जवळजवळ तोच संच असतो. जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची लेखी कृती. मोठ्या ग्रंथालयात हजारो पुस्तके असली तरी एक विद्यार्थी त्यातील मोजकीच उघडतो. तसेच पेशीचे आहे. कोणती कृती उघडायची व कोणते प्रथिन किती प्रमाणात बनवायचे हे पेशीनुसार बदलते. यालाच प्रथिनाची अभिव्यक्ती म्हणतात.

स्तनाच्या काही पेशी इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजेच रिसेप्टर, असे एक प्रथिन बनवतात. ग्राहक हे कुलूप व इस्ट्रोजेन ही किल्ली असे समजावे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या संशोधनातून या ग्राहकाचा शोध लागला. इस्ट्रोजेन पेशीच्या केंद्रकात जाऊन ग्राहकाला चिकटते. ही जोडी डी.एन.ए.वर ठरावीक जागी बसते आणि काही जनुके जागी करते. त्यातून सायक्लिन डी-१ सारखी प्रथिने तयार होतात व ती पेशीला विभागण्यास भाग पाडतात. एकीच्या दोन, दोनीच्या चार अशा पेशी वाढत जाऊन गाठ मोठी होते.

ज्या गाठीत हे ग्राहक आहेत तिला ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणतात. त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक, म्हणजे पीआर, हाही तपासतात. हे प्रथिन इस्ट्रोजेनच्या हुकमावरून तयार होत असल्याने ते आढळले तर कुलूप-किल्लीची यंत्रणा चालू आहे असे समजते.

औषध कोठे काम करते?

किल्लीच्या जागी दुसरीच वस्तू अडकवली तर कुलूप उघडत नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी नेमके हेच करते. ती ग्राहकावर जाऊन बसते व इस्ट्रोजेनला जागा देत नाही. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी ही गोळी पाच वर्षे घेतली तर पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. काही रुग्णांना ती दहा वर्षे दिली जाते. ही गोळी जुनी आहे व स्वस्त आहे. परंतु गाठीत ग्राहकच नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होते. तेथे अरोमाटेज हे प्रथिन काम करते व त्याला रोखणारी लेट्रोझोलसारखी औषधे देतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीला ही औषधे एकटी पुरत नाहीत. तिच्या बीजांडांचे कामही थांबवावे लागते.

हर-टू हे तिसरे महत्त्वाचे प्रथिन होय. ते पेशीच्या पृष्ठभागावर असते व वाढीचा संदेश आत पोहोचवते. काही गाठींत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यामुळे हे प्रथिन भरमसाट बनते. अशा गाठी वेगाने वाढतात, हे डॉ. डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. या वाटेने संदेश मिळत राहिल्यास ईआर पॉझिटिव्ह गाठसुद्धा हार्मोनच्या गोळ्यांना पुरेसा प्रतिसाद देत नाही. यावरील ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि भारतीय बनावटीच्या तत्सम औषधाला २०१३ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली.

ज्या गाठीत ईआर, पीआर व हर-टू ही तिन्ही नसतात तिला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. भारतात या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. तेथे केमोथेरपीवर मुख्य भर असतो.

कधी कधी गोळी चालू असतानाही रोग पुन्हा उद्भवतो. काही पेशींत ग्राहकाची घडणच बदलते व किल्लीवाचून कुलूप उघडे राहते. काहींत सायक्लिनची साखळी जोर करते. ही साखळी रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले व भारतीय कंपन्यांची कमी किमतीची औषधे बाजारात आली. रोग उलटल्यास शक्य तेथे नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा लागतो, कारण तिची प्रथिने पहिल्या गाठीसारखीच असतील असे नाही.

तुकडा नीट ठेवला नाही तर?

वरील सर्व उपचार एका तपासणीवर अवलंबून आहेत. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट रसायने टाकली की ग्राहक असलेली केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. शंभरात एका पेशीत जरी ईआर आढळला तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात.

परंतु प्रथिन नाजूक असते. काढलेली गाठ तशीच पडून राहिली, किंवा नुसत्या सलाईनमध्ये ठेवली, तर प्रथिन नष्ट होऊ लागते आणि पॉझिटिव्ह गाठीचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणजे जी गोळी त्या भगिनीला वाचवू शकली असती तीच तिला मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात सिन्नर, येवला, दिंडोरी, इगतपुरीकडील रुग्णांचे तुकडे नाशिकला, मुंबईला किंवा पुण्याला पाठवावे लागतात, तेव्हा ही काळजी अधिकच घ्यावी लागते. तुकडा तासाभराच्या आत भरपूर फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात तो किमान सहा तास, पण बहात्तर तासांहून जास्त नाही, असा राहिला पाहिजे. नातेवाइकांनी नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे : “डॉक्टरसाहेब, ईआर, पीआर, हर-टू तपासणार ना? तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवला आहे ना?” अहवाल व मेणाचा ब्लॉक जपून ठेवावा. शंका आल्यास त्याच ब्लॉकवरून दुसरीकडे फेरतपासणी करता येते.

आपण काय करावे?

१) स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीवर खळगा, बोंडातून रक्त असे काही आढळल्यास लाजू नये. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये. ही गाठ बहुधा दुखत नसतेच.

२) प्रशिक्षित कार्यकर्तीकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून गरीब वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या शिकलेल्या स्त्रिया होत्या. तरीही पन्नाशीपुढील स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. आपल्या महिला मंडळांनाही असे काम करता येईल.

३) टॅमॉक्सिफेन चालू असताना “आता बरे वाटते” म्हणून ती मनाने बंद करू नये. अंगातून वाफा निघणे हा त्रास होतो. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा पायाला सूज येऊन दुखू लागले तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणी ही गोळी चालत नाही.

४) खर्चाच्या भीतीने उपचार टाळू नयेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली व संघाला रुग्णसेवेचा धडा दिला. आपल्या वस्तीतील एखाद्या माउलीबरोबर रुग्णालयात जाणे, तिचा अहवाल वाचून दाखवणे, पाच वर्षे तिची गोळी चुकू न देणे, ही त्याच सेवेची आजची रूपे आहेत. शिकलेल्या तरुण-तरुणींनी ती उचलली तर या स्मरणिकेतील चार पाने सार्थकी लागतील.