दहा हजार दाण्यांत आठ खडे

"ताई, सहा वर्षं झाली लग्नाला. मला काहीच नाही झालं. मग ह्यांचा रिपोर्ट चुकलाय का हो?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल! परवा विचारणारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा ट्रकवर. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, हिचा निगेटिव्ह. बाहेर बाकावर सासूबाई बसलेल्या, आणि त्यांचा निकाल केव्हाच लागला होता. सुनेला नाही म्हणजे लेकालाही नाही, बंद करा त्या गोळ्या. लेकाने आठ दिवसांपासून गोळ्या सोडल्याही होत्या.

मी तिला विचारलं, तांदूळ निवडतेस ना? तर समज, डब्यात दहा हजार दाणे आहेत आणि त्यात आठ खडे. डोळे मिटून एक दाणा उचलायचा, बघायचा, परत डब्यात टाकायचा. नवऱ्याला एचआयव्ही आहे, औषध चालू नाही, निरोधही वापरला नाही, तर एका वेळच्या संबंधात बायकोला लागण होण्याची शक्यता सरासरी एवढी असते. (बायकोकडून नवऱ्याला याच्या निम्मी, म्हणजे चार खडे. या बाबतीतही वाटणी अशीच!)

"आठच?" तिचा चेहरा एकदम खुलला.

इथेच घोटाळा होतो. पूर्वी मीही बायकांना धीर द्यायला "धोका तसा थोडाच असतो गं" म्हणून जायची. त्यातली एक वर्षभराने पुन्हा आली, तेव्हा तिचा स्वतःचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. "तुम्हीच म्हणाला होतात ना थोडा असतो," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून 'थोडा' हा शब्द मी जपून वापरते.

कारण संसारात दाणा एकदाच उचलायचा नसतो. आठवड्यातून दोनदा धरलं तर वर्षाचे शंभर. अशा शंभर बायका घेतल्या, तर वर्षाअखेर साधारण आठ जणींच्या हाती खडा आलेला असतो. सहा वर्षांत अडतीस जणींच्या. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त, पंचावन्न. आणि डब्याला काही आठवत नाही बरं का. पाचशे वेळा तांदूळच आला म्हणून पाचशेएकाव्या वेळी खडा यायचा राहत नाही. पहिल्याच वेळीही येऊ शकतो.

म्हणजे सहा वर्षांनंतरही शंभरातल्या बासष्ट जणी निगेटिव्ह असू शकतात. ही त्यांतली एक. शिवाय नवऱ्याला लागण नेमकी कधी झाली, हे तरी कुणाला ठाऊक? तिच्या रिपोर्टवरून त्याचा रिपोर्ट खोटा ठरत नाही. त्यात देवाचा कौल नाही, की तिचं रक्त काही वेगळं आहे असंही नाही.

आठ ही सरासरी झाली. प्रत्येक घरातला डबा सारखा नसतो. नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू फार वाढलेले असतात, तेव्हा खडे पुष्कळ वाढतात. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असली तरी वाढतात. अंगावरून जातंय, खाज आहे, म्हणून आपण कुढत बसतो, दाखवायला लाजतो. तसं करू नका.

आता खडे कमी कसे होतात ते. निरोध दर वेळी आणि नीट वापरला तर खूपच कमी. आणि गोळ्या नियमित घेऊन विषाणू रक्तचाचणीत सापडेनासे झाले, तसेच राहिले, तर संबंधांतून लागण होतच नाही. ही बोलायची गोष्ट नाही. हिच्यासारख्याच, म्हणजे एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशा 1763 जोडप्यांवर नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती. गोळ्या लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली, हे 2011 साली जाहीर झालं. पुढे युरोपात 888 जोडप्यांनी निरोधाशिवाय सुमारे 58 हजार वेळा संबंध ठेवले. पॉझिटिव्ह जोडीदाराचे विषाणू औषधाने दबलेले होते. त्याच्याकडून दुसऱ्याला लागण किती जणांना झाली? शून्य. हा निष्कर्ष 2016 चा.

सरकारी केंद्रांत या गोळ्या 2004 पासून फुकट मिळतात. मात्र विषाणू दबायला साधारण सहा महिने लागतात, तोवर निरोध हवाच. आणि गोळ्या मध्येच सोडल्या की खडे परत डब्यात.

हे ऐकल्यावर ती एकदम उठली, सासूबाईंना आत घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाईंना पण सांगा ते तांदळाचं." सांगितलं. म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे त्यानं गोळ्या खाल्ल्या की ही वाचती?"

"हो. आणि पुढे मूलबाळही निरोगी होऊ शकतं, डॉक्टरांना विचारून."

"मग उद्या घेऊन येते त्याला. कसा येत न्हाई बघते."

सुनेच्या कार्डावर मी तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली, पुन्हा तपासणीसाठी, कारण ताजी लागण चाचणीत लगेच दिसत नाही. निरोधाची पाकिटं तिने पिशवीत टाकली, वर भाजी ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघंही आले होते. सासूबाई पुढे, लेक मागे.

(प्रत्यक्ष येणं अवघड वाटत असेल तर 1097 हा फोन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.)