रुबार्ब नाही? साखरांबा आहे ना!

आइसलँडमध्ये घरोघरी होणाऱ्या एका टार्टचं नाव ‘ह्योनाबांद्ससाइला’, म्हणजे संसारसुख. खाली ओट्स आणि मैद्याचा थर, मध्ये रुबार्बचा आंबटगोड जॅम, वर त्याच पिठाचा चुरा. बेंगळुरूत हे करायचं म्हटलं की ऐकू येतं, ‘रुबार्बशिवाय ते व्हायचं नाही.’

खरं तर रुबार्ब फळच नाही. ती भाजी, तिचे आंबट देठ खातात, पानं मात्र विषारी. थंडी सोसते म्हणून ती तिकडच्या परसात रुजली. टार्टला हवा असतो तो तिचा आंबटपणा, आणि तो कैरीत भरपूर आहे. शिवाय जॅम आळवणारं पेक्टिनही आहे. म्हणून घरचा साखरांबा थेट पसरा. त्यात वेलची असली तरी चालेल. तिकडच्याही कितीतरी गोड पदार्थांत ती पडते. फक्त ‘भारतीय रुबार्ब’ म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातली रेवाचिनी आणू नका. ते रुबार्बच्या भाऊबंदांचं मूळ, आणि ते रेचक आहे.

‘जॅम १०५ अंशांना होतो’ हा दुसरा गैरसमज, आणि बेंगळुरूत तो महागात पडतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. जॅम पाण्याच्या उकळीपेक्षा चार-पाच अंश वर गेला की आळतो. म्हणजे इथे १०१-१०२ला. मुंबईच्या हिशेबानं १०५पर्यंत नेला, तर तो जास्तच आटतो आणि ओव्हनमध्ये पुन्हा तापून चिक्कीसारखा दाताला चिकटतो. गार बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवा. सुरकुती पडू लागली की गॅस बंद. थर्मामीटरपेक्षा माझा भरवसा या बशीवर जास्त.

अंड्याची सक्ती नाही. आइसलँडमध्ये दोन्ही प्रकारे करतात, आणि अंड्याविना बेकिंग काय असतं हे अय्यंगार बेकऱ्यांच्या या गावाला वेगळं सांगायला नको.

पीठ कणकेसारखं मळायचं, हेही चूक. १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम गुळाची पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. त्यात १५० ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, सोडलं की फुटावा. मळलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि टार्टचा खुसखुशीतपणा जातो. दोन तृतीयांश पीठ २२ सेंटिमीटरच्या डब्यात दाबा, त्यावर २५० ग्रॅम साखरांबा, वर उरलेला चुरा. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत.

लगेच कापू नका. गरम जॅम पातळ असतो, वाहून जातो. पूर्ण निवलं की वड्या सरळ पडतात. दुसऱ्या दिवशी ओट्स जॅमचा ओलावा शोषून मऊ होतात. मला ते तेव्हाच जास्त आवडतं.