कोयनेच्या काठानं, कुंभार्ली घाटातून

कराडहून चिपळूण जेमतेम शंभर किलोमीटर. पण सह्याद्री समजून घ्यायचा असेल तर हा एक रस्ता पुरेसा आहे. फक्त खिडकीची जागा मिळवा आणि झोपू नका!

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथून पाटणमार्गे रस्ता कोयनेच्या खोऱ्यानं वर सरकतो. दोन्हीकडे डोंगर, मधे शेतं. चढ इतका मंद, की आपण सह्याद्री चढतोय हे जाणवतच नाही. हेळवाकला नदी आपली साथ सोडते. महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे आलेली कोयना इथे एकदम पूर्वेला वळते. आपण मात्र पश्चिमेला, कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर येतो.

हा माथा म्हणजे पाण्याची वाटणी. पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेतून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. पश्चिमेला पडलेला वाशिष्ठीतून अरबी समुद्र गाठतो. एकीकडे हजार किलोमीटरांहून मोठा प्रवास, दुसरीकडे उभा कडा. कोयना प्रकल्पाची कल्पना या फरकातूनच आली. पूर्वेला निघालेलं पाणी धरणात अडवलं, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आणि पोफळीला चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून जनित्रांवर सोडलं. आज प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. त्यासाठी शिवसागर जलाशयाखाली कित्येकांची घरंदारं, शेतं गेली, हेही हा देखावा पाहताना विसरू नये.

जो उतार वीज देतो, तोच घातही करतो. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत मी एसटीनं या घाटातून उतरत होतो. एका वळणाआधी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढे रस्ता मोकळा दिसत होता. प्रवासी कुरकुरू लागले, मीही त्यांतलाच! तो शांतपणे म्हणाला, "मघापासून बारीक दगड सुटतायत. आणि ओढ्याचं पाणी बघा, लाल झालंय." वीसेक मिनिटांनी त्याच वळणावर झाडासकट माती खाली आली. मग गाडीत कुणीच काही बोललं नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. खाली कातळ, वर मातीचा थर. मुसळधार पावसात माती पाणी पिऊन जड होते, कातळावरची तिची पकड सुटते. सुटणारे खडे, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडं, जमिनीला पडलेल्या भेगा ही तिची आगाऊ सूचना असते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्याच पावसात घाटाखाली चिपळूण पाण्यात बुडालं.

तेव्हा पावसाळ्यात या वाटेनं जरूर जा. धबधबे पाहा, पण गाडी कड्याखाली उभी करू नका. आणि ड्रायव्हर थांबला, तर घड्याळाकडे नको, डोंगराकडे बघा.