वऱ्हाडची काळी माती : धूप आणि खार

अकोला जिल्ह्यात मातीला दोन बाजूंनी धोका आहे. दक्षिणेकडे पातूर आणि बार्शीटाकळीच्या चढउतारांवर ती पावसाबरोबर वाहून जाते, तर पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यात जागच्या जागी बिघडते. दोन्हीकडे मूळ प्रश्न पाण्याचाच आहे.

बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या इथल्या खोल काळ्या जमिनीत बहुधा निम्म्याहून अधिक चिकणमाती असते. उन्हाळ्यात ही माती आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून खोल जाते, पण माती फुगून भेगा बुजल्या की पाणी अगदी सावकाश मुरते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. त्यातल्या जोरदार सरींचे न मुरलेले पाणी उताराला लागते.

धुपेची सुरुवात थेंबापासून होते. उघड्या जमिनीवर आपटणारा थेंब मातीचे कण सुटे करतो. पाण्याचा पातळ थर ते कण सरकवतो, पुढे ओघळ पडतात आणि ओघळांच्या घळी होतात. घळ डोळ्यांना दिसते, पण थराथराने होणारी धूप लक्षात येत नाही. सुपीक माती, सेंद्रिय पदार्थ आणि टाकलेले खत मात्र तीच आधी नेते. भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी 16 टनांहून अधिक माती धुपते, असा अंदाज 1983 मध्ये मांडला गेला होता.

उपायांची सुरुवात मशागतीपासून होते. वखरणी, पेरणी आणि डवरणी उताराला आडवी केली की प्रत्येक तास पाण्याला थोडे अडवतो. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत सोयीची ठरते : पीक वरंब्यावर वाढते, सरीत पाणी मुरते आणि जादा पाणी हळूहळू बाहेर जाते. त्यासाठीचे यंत्र नसेल, तर डवऱ्याला दोरी गुंडाळून पिकाच्या ओळींमध्ये सरी काढता येते. कपाशीच्या रुंद ओळींत मूग किंवा उडीद घेतल्यास जमीन लवकर झाकली जाते.

धुऱ्यावर खस गवताची दाट ओळ लावली, तर तिच्यामागे गाळ साचतो आणि पाणी गाळून पुढे जाते. बांधाला मात्र दगडी सांडवा हवाच. तो नसेल तर साचलेले पाणी बांध फोडते आणि नवी घळ पडते. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचा भुगा करून शेतात पसरला, तर थेंबांचा मारा कमी होतो आणि सेंद्रिय कर्बही वाढतो.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात अडचण वेगळी आहे. तेथील भूजल खारे आहे, मातीत सोडियम अधिक आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. विहिरीचे खारे पाणी वारंवार दिल्यास हा दोष वाढतो. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जावा, यासाठी चर काढावे लागतात. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. धैंचा किंवा बोरू गाडल्याने रचना सुधारते, आणि शेततळ्यातले गोडे पाणी पिकाला संरक्षित ओलितासाठी वापरता येते. 1969 मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींवर संशोधन केले आहे.

घराच्या अंगणातही हेच नियम लागू पडतात. छपराच्या पन्हाळीखाली दगडगोटे टाकावेत किंवा ते पाणी शोषखड्ड्यात वळवावे, म्हणजे पडत्या धारेने जमीन उकरली जात नाही. परसबागेतली मोकळी जागा पालापाचोळ्याने झाकावी. पाला जाळण्यापेक्षा ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून त्याचे खत करावे. काळी माती ओली असताना तिच्यावर चालणे किंवा ती खणणे टाळावे, कारण दाबाने ती घट्ट बसते. बोअरचे पाणी खारे असेल, तर झाडांसाठी पावसाचे पाणी टाकीत साठवणे योग्य. कुंड्यांना तळाशी छिद्र ठेवावे, म्हणजे त्यांतले क्षार साचून राहत नाहीत.