रत्नागिरीकडील बंदुकीचा परवाना: लांब नळी, आखूड नळी व वयाची अट

रत्नागिरी जिल्ह्यांत नुसतें ‘बंदूक’ म्हटलें म्हणजे खेड्यांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें ठासणीची लांब बंदूकच उभी राहते. रानडुकरें भात व नाचणी तुडवितात, वानरांच्या टोळ्या नारळ-काजूंची नासाडी करतात, आणि शेतकरी दारू व छर्रे ठासलेली बंदूक उशाशीं घेऊन मचाणावर रात्र काढतो. पिस्तूल ही वस्तु त्याच्या ऐकण्यांतली, हाताळण्यांतली नव्हे. या दोन्ही हत्यारांस कायदा एकच लागू आहे, परंतु त्या कायद्यानें दोघांकडे एकाच दृष्टीनें पाहिलेलें नाहीं. हा भेद कसा पडला व आजच्या परवान्याच्या अटींत तो कोणत्या रूपानें दिसतो, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

१८५७ च्या धामधुमींत व पुन्हां १८६० सालीं हत्यारांसंबंधीं कायदे झाले होते. तथापि घरोघरच्या माणसास परवाना या वस्तूची खरी ओळख झाली ती लॉर्ड लिटन यांच्या अमदानींतील सन १८७८ च्या ११ व्या कायद्यानें. परवान्यावांचून बंदूक बाळगूं नये व हत्यारबंद होऊन हिंडूं नये, असा त्याचा मुख्य आशय होता. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती, आणि लोकांस टोंचली ती बंदीपेक्षां ही सूटच अधिक. त्याच वर्षीं झालेला देशी वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत गेला. हत्यारांचा कायदा चौऱ्याऐंशी वर्षें टिकला. राष्ट्रीय सभेनें १८८७ सालच्या मद्रासच्या बैठकींत त्याविरुद्ध ठराव केला. पुढें १९३१ सालच्या कराचीच्या ठरावांत, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणिला. स्वतंत्र हिंदुस्थानच्या घटनेंत तो हक्क आला नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

आखूड नळीच्या हत्याराविषयीं सरकारचें मन इतकें साशंक कां, याचें एक उत्तर या जिल्ह्याच्याच इतिहासांत आहे. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांजवर गोळ्या झाडणारे अनंत लक्ष्मण कान्हेरे हे मूळचे खेड तालुक्यांतील आयनीचे. त्यांचें वय तेव्हां अठराच्या आसपास होतें. विनायक दामोदर सावरकर यांनीं त्याच वर्षीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांचेबरोबर पेटीच्या चोरकप्प्यांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें मुंबईस पाठविलीं होतीं. नाशिकचें पिस्तूल त्यांतलेंच, असें सरकारपक्षानें मांडलें. ता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस फांशी झाली. सावरकरांस अंदमानाची शिक्षा झाली व १९२४ पासून १९३७ पर्यंत ते रत्नागिरींतच स्थानबद्ध होते. ठासणीची बंदूक अंगरख्यांत लपत नाहीं, ब्राउनिंग लपतें. राज्य कोणाचेंही असो, लपणाऱ्या हत्याराचें भय त्यास वाटतेंच, असें आमचें मत आहे.

आतां चालू कायद्याकडे वळूं. हत्यारें हा विषय घटनेनें मध्यवर्ती सरकारकडे दिला आहे. त्यामुळें महाराष्ट्राचा निराळा हत्यार-कायदा नाहीं. संसदेनें १९५९ सालीं केलेला कायदा ता. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला व १८७८ चा रद्द झाला. जिल्ह्यांत परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. या कायद्याचें १३ वें कलम आमच्या विषयाचें मर्म आहे. जिची नळी आंतून गुळगुळीत व निदान वीस इंच लांब आहे अशी बंदूक नागरिकानें संरक्षणासाठीं वा शिकारी-खेळासाठीं मागितली, किंवा पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागितली, तर इतर अडचण नसतां परवाना ‘द्यावा’ अशी तेथें भाषा आहे. बाकीच्या हत्यारांस, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांसही, तो लाभ नाहीं. तेथें अर्जदारास ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. थोडक्यांत, शेतकऱ्याची लांब बंदूक हा बहुतेक हक्क, आणि आखूड बंदूक ही मेहेरबानी. लांब बंदुकीची नळी कापून ती आखूड करणें हाही ६ व्या कलमान्वयें परवान्याशिवाय गुन्हाच आहे. नाहीं तर वीस इंचांच्या मापास अर्थ काय राहिला असता?

अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, असें १४ वें कलम सांगतें. दोन-चार गुंठ्यांच्या कोंकणी शेतकऱ्यास हें कलम ठाऊक असणें अगत्याचें आहे. नकार दिल्यास कारणें लेखी नोंदवावीं लागतात व वरिष्ठांकडे अपील करतां येतें.

वयाचा इतिहास तर मोठा मौजेचा आहे. १९५९ च्या कायद्यानें सोळा वर्षें पुरीं झालेल्यास हत्यार बाळगण्यास मुभा ठेविली होती. १९८३ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा एकवीस झाली, आणि अवघ्या सहा वर्षांनीं, १९८९ सालीं, घटनादुरुस्तीनें मतदानाचें वय एकविसावरून अठरावर आणलें. म्हणजे ज्यास राज्यकर्ता निवडण्याइतकी अक्कल आहे असें आपण मानतों, त्यास बंदुकीसाठीं आणखी तीन वर्षें थांबावें लागतें. आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं. मत चुकलें तर पांच वर्षांनीं सुधारतें. नेमबाजीचें शिक्षण घेणाऱ्या लहानांस नियमांतील अटींवर शिक्षणापुरतें हत्यार वापरतां येतें, एवढाच काय तो अपवाद.

पिस्तुलासाठीं अर्ज आला म्हणजे पोलिसांचा अहवाल मागविला जातो, आणि २०१६ च्या नियमांपासून हत्यार सुरक्षितपणें वापरण्याच्या शिक्षणाचा दाखलाही लागतो. नऊ मिलिमीटरसारख्या कांहीं मापांचीं पिस्तुलें सामान्य नागरिकास वर्ज्य आहेत. म्हणून परवानाधारकाजवळ बहुधा.३२ मापाचेंच हत्यार आढळतें. तें कोणत्या प्रदेशांत बाळगावयाचें हें परवान्यावर लिहिलेलें असतें. सार्वजनिक ठिकाणीं तें म्यानांत ठेवावें लागतें, परजून दाखवितां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच झाली व एका माणसानें तीनांऐवजीं दोनच बंदुका बाळगाव्या असें ठरलें.

शेतकऱ्याची अडचण निराळीच असते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें त्यास वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती नसतां पुष्कळ जण केवळ बार काढून डुकरें पिटाळतात. निवडणूक लागली कीं बंदुका ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात, व ऐन पिकाच्या दिवसांत शेत उघडें पडतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००९ पासून सरसकट जमा न करतां छाननी समितीनें प्रत्येकाचें प्रकरण पाहावें अशी रीत ठरली आहे. ज्यास नोटीस येते त्यानें या समितीविषयीं आवर्जून विचारावें.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो मृत्यूनंतर. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. वडील वारल्यावर बंदूक तशीच खुंटीवर राहिली तर ती त्या दिवसापासून बिनपरवाना होते. २१ वें कलम अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्यास सांगतें. मग वारसानें आपल्या नांवें अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठीं खास तरतूद असून, सत्तर वर्षें उलटलेल्या परवानाधारकास हयातींतही ती वारसास देतां येते. भीतीपोटीं जुनी बंदूक विहिरींत टाकल्याच्या गोष्टी ऐकूं येतात. त्यांत वस्तूही जाते व तिचा परवानाही फुकट जातो. या जुन्या परवान्यांस आम्ही ऐतिहासिक साधनांत गणतों. गांव, धंदा, हत्याराचें वर्णन व प्रयोजन एकाच कागदावर असे दुसरे दस्तऐवज खेड्यांत थोडे.

चकमकीचीं जुनीं पिस्तुलें ज्यांचे घरीं आहेत त्यांचेसाठीं ४५ वें कलम आहे. जुन्या धाटणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें हत्यार कायद्याच्या बाहेर राहतें. पण तें दुरुस्त करून वा न करतां उडण्याजोगें नसेल तरच. नळी शाबूत असून नुसता घोडा तुटलेला असेल तर ही सवलत मिळत नाहीं. अशा वेळीं नळीवरील अक्षरांचा व नक्षीचा ठसा आधीं कागदावर उतरून घ्यावा, आणि मग हत्यार ठाण्यावर दाखवावें.