जातीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल

निवारा केंद्रातून कुत्रा घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कुठल्या जातीचा?’ सोसायटीचा वॉचमन कान बघून जर्मन शेफर्ड सांगतो, शेजारच्या काकू तोंडावळा बघून लॅब्राडोर ठरवतात. केंद्राच्या कागदावर मात्र ‘मिश्र’ एवढाच शेरा असतो. मग घरच्यांच्या मनात शंका सुरू होतात. हा किती वाढेल? मुलांना चावणार तर नाही? जात कळली की या सगळ्याची उत्तरे मिळतील, असे त्यांना वाटत असते.

नुसत्या दिसण्यावरून जात ओळखणे अवघड आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर केला होता. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. संकरातून झालेली पिल्ले आईबापांपेक्षा इतकी वेगळी दिसत, की नोंद नसती तर त्यांचे मूळ कोणाला सांगता आले नसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातील एका अभ्यासात निवारा केंद्रांच्या १६ कर्मचाऱ्यांनी १२० कुत्र्यांच्या जातीचा अंदाज केला आणि तो जनुकीय चाचणीशी ताडून पाहण्यात आला. रोज कुत्रे हाताळणाऱ्या या माणसांचे अंदाज वरचेवर चुकले. एकाच कुत्र्याबद्दल त्यांची मतेही जुळली नाहीत.

याचे कारण जनुकांत आहे. कुत्र्याच्या शरीरात सुमारे २० हजार जनुके असतात. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत की नाहीत, हे मुख्यतः त्यांपैकी अवघ्या ३ जनुकांवर ठरते, असे २००९ मध्ये दिसून आले. म्हणजे आपण ज्या खुणांवरून जात ठरवतो, त्यामागे जनुकांचा फार छोटा हिस्सा असतो.

मग गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन जनुकीय चाचणी करावी का? ती डोळ्यांपेक्षा भरवशाची आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. प्रयोगशाळेच्या संग्रहात ज्या जातींचे नमुने असतील, त्यांच्याशीच तुलना होते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याबाबत तर प्रश्नच चुकतो. आज ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक परदेशी जाती गेल्या सुमारे २०० वर्षांत निवडक पैदाशीतून तयार झाल्या. गावठी कुत्रे त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांच्या वस्तीत राहत आले आहेत. त्यामुळे निवारा केंद्रातला गावठी कुत्रा बऱ्याचदा कसलेच ‘मिश्रण’ नसतो.

स्वभावाचे काय? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली गेली. कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागण्यातील फरकांपैकी जातीने उलगडणारा भाग सरासरी सुमारे ९ टक्केच होता. माणसाचे ऐकण्याच्या वृत्तीत जातीचा प्रभाव थोडा अधिक दिसला, चिडखोरपणात तो फारच कमी होता. पिल्लूपणी मिळालेली वागणूक, आजवर सोसलेली भीती, कुठे दुखत असल्यास ते दुखणे, यांचाही वागण्यावर परिणाम होतो.

अंदाजाने लागलेला शिक्का कुत्र्याला महागात पडू शकतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जाती आणि त्यांचे संकर यांच्या आयात, पैदास व विक्रीला मनाई करण्याबाबत राज्यांना कळवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले. पण असा नियम आला, तर केवळ रुंद जबड्यामुळे एखादा निरुपद्रवी कुत्रा त्यात सापडेल, ही शक्यता राहतेच.

जात कळणे अगदी निरुपयोगी आहे, असे नाही. कोली आणि तत्सम काही जातींच्या कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिनचे जास्त डोस मेंदूला घातक ठरतात. खरजेसाठी हे औषध वापरले जाते. म्हणून मूळ माहीत नसलेल्या कुत्र्याला ते मनाने देऊ नये, पशुवैद्यकांनाच विचारावे.

बाकीचे रकाने मात्र भरलेलेच हवेत. वय, वजन, जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त, नसबंदी आणि सर्वांत आधी रेबीजची लस. पिल्लाला ती साधारण ३ महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यकांनी सांगितलेल्या तारखांना द्यावी. पूर्वीची नोंद नसेल, तर लस झालेली नाही असे धरून चालावे.

कुत्रा चावल्यास त्याची जात विचारण्यात वेळ घालवू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. तिथे लस सुरू होते. रक्त आले असेल, तर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नये. रेबीजचा विषाणू कुत्र्याची जात बघत नाही, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की या आजारातून माणूस सहसा वाचत नाही.

नव्या पाहुण्याला घरात रुळायला काही आठवडे द्यावेत. तो कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, ताटलीजवळ कोणी गेले तर काय करतो, हे वहीत टिपून ठेवावे. मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. महिन्याभरात ती वही त्याच्याबद्दल जे सांगेल, ते त्याच्या जातीच्या नावावरून कळणार नाही.